अंगावरचे पंख

मेक्सिकोच्या इदाल्गो प्रांतात तूला नावाचं एक उद्ध्वस्त नगर आहे. तिथल्या पिरॅमिडच्या माथ्यावर चार दगडी योद्धे उभे आहेत, प्रत्येकाची उंची साडेचार मीटरहून अधिक. सुमारे हजार वर्षांपूर्वी तोल्तेक लोकांनी बसाल्टमधून ते घडवले. तेव्हा त्यांनी डोक्यावर देवळाचं छत पेललेलं होतं. चेहरे करारी, नजर थेट समोर, हातात भाला फेकायचं आयुध. आणि छातीवर, जिथे आपण वाघ किंवा सिंह कोरून घेतला असता तिथे, पंख पसरलेलं फुलपाखरू.

आज जगातल्या कुठल्याही शहरात टॅटू काढणाऱ्याकडे जा, फुलपाखरू मागणारं कुणीतरी तिथे बसलेलं असतं. मनगटावर, खांद्यावर, घोट्याच्या हाडाशी, मानेच्या मागे. नाजूक, गोड, पहिल्यांदाच गोंदवून घेणाऱ्यांसाठी सोपं, असा त्याचा लौकिक झाला आहे. त्या लौकिकाशी माझं मन जुळत नाही. मला ते चार योद्धे आठवतात. माणसानं अंगावर धारण केलेल्या चिन्हांत फुलपाखराइतकं धीट चिन्ह दुसरं नसेल, असंच मला वाटत आलं आहे.

तोल्तेकांनंतर आलेल्या अ‍ॅझ्टेक लोकांची श्रद्धा बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकानं 16 व्या शतकात लिहून ठेवली. रणात पडलेले वीर चार वर्षं सूर्याची सोबत करतात, रोज त्याला उगवतीपासून माथ्यापर्यंत पोहोचवतात. ती सेवा पुरी झाली की ते गुंजनपक्षी आणि फुलपाखरं होऊन पृथ्वीवर मध प्यायला उतरतात. माथ्यापासून मावळतीपर्यंत सूर्याला न्यायचं काम बाळंतपणात प्राण गेलेल्या स्त्रियांचं. त्यांनाही योद्ध्यांचाच मान होता. या लोकांची एक देवी होती इत्स्पापालोत्ल. तिच्या पंखांच्या कडांना काळ्या ज्वालाकाचेची पाती. फुलावर बसलेल्या त्या एवढ्याशा जिवात रणधुरंधर पाहणारी ही नजर केवढी खोल असली पाहिजे!

त्याच देशात, मिचोआकानच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरवर ओयामेल नावाच्या देवदारासारख्या वृक्षांची जंगलं आहेत. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे मोनार्क फुलपाखरं पोहोचू लागतात. नारिंगी पंख, काळ्या शिरा, काठावर पांढरे ठिपके. कॅनडा आणि अमेरिकेतून, काही तर चार हजार किलोमीटर उडून. एकेकाचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. उन्हाळ्यातल्या त्यांच्या पिढ्या काही आठवड्यांत संपतात. पण शरद ऋतूत जन्मणारी ही प्रवासी पिढी सात-आठ महिने जगते. यांतल्या कुणीही ही झाडं आधी पाहिलेली नसतात. पाहिली होती ती त्यांच्या पणज्यांनी. सूर्याची दिशा आणि मिशांमधलं जैविक घड्याळ यांच्या मेळावर त्यांचा मार्ग ठरतो, एवढं विज्ञानानं आता शोधून काढलं आहे. नेमक्या त्याच डोंगरावर ती कशी उतरतात, या प्रश्नापुढे मात्र हात आपोआप जोडले जातात.

ती येतात त्याच दिवसांत, 1 आणि 2 नोव्हेंबरला, मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरोघरी वेदी मांडतात, तिच्यावर गेलेल्यांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं आणि झेंडूच्या राशी. (आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच.) तिथल्या पुरेपेचा आणि मासाहुआ लोकांना आकाशात नारिंगी पंख दिसू लागले की कळतं, आपली माणसं परत आली. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवून वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाहेरच्या जगाला या जंगलाचा पत्ता 1975 च्या जानेवारीत लागला. टोरंटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा हे दांपत्य जवळजवळ चाळीस वर्षं शोधत होतं, की ही फुलपाखरं हिवाळ्यात जातात कुठे. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती: पंखावर कागदाची इवलीशी चिठ्ठी चिकटवायची आणि फुलपाखरू सोडून द्यायचं. शेकडो लोक या कामात त्यांना साथ देत होते. मेक्सिकोतला शोध केन ब्रुगर आणि मूळच्या मिचोआकानच्या कातालिना आग्वादो या जोडप्यानं लावला. डोंगराखालच्या गावांना ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी, 1976 च्या जानेवारीत, अर्कहार्ट स्वतः तिथे पोहोचले. ओयामेलच्या बुंध्यांवर साल दिसू नये इतकी फुलपाखरं. अर्कहार्ट दम खात बसले असताना फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून समोर पडली. त्या ढिगात एका पंखावर चिठ्ठी होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, चास्का गावी, आधीच्या ऑगस्टमध्ये एका शिक्षकानं आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी ती चिकटवली होती.

माणूस फुलपाखराची खूण अंगावर वागवतो, आणि इथे एक फुलपाखरू माणसाची खूण अंगावर घेऊन तीन हजार किलोमीटर आलं होतं. या प्रसंगाइतकं मन भरून टाकणारं दुसरं काही मी या विषयात वाचलेलं नाही. गोंदून घेणाऱ्या कित्येकांच्या मनात मोनार्क का असतो, हेही त्यातून उमगतं. 2012 मध्ये फाविआना रोद्रिगेस या चित्रकर्तीनं मोनार्कच्या पंखांत माणसांचे चेहरे रेखाटले, स्थलांतर सुंदर आहे अशा अर्थाचे शब्द त्याखाली लिहिले, आणि अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या, सीमेपलीकडून लहानपणी आलेल्या मुलांनी ते फुलपाखरू आपलं मानलं. मोर्चांच्या फलकांवर ते आलं, भिंतींवर आलं, कातडीवर आलं. फुलपाखराला सीमा ओलांडताना कुणी अडवत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मोनार्क पाहायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागेल, पण त्याचा जवळचा नातलग आपल्या रस्त्याकडेच्या रुईवर वाढतो. प्लेन टायगर, मोनार्कच्याच कुळातला. मारुतीला जिची माळ घालतो तीच ही रुई. तिच्या पानावर मोत्याच्या रंगाचं एकेकच अंडं असतं. त्यातून निघणारी अळी काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मऊ शेपट्यांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी. गुरं त्या झाडाला तोंड लावत नाहीत. अळी मात्र तेच विष पोटात साठवते, आणि पुढे पंख फुटल्यावरही ते तिच्या अंगात राहतं. म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, आणि म्हणूनच हे फुलपाखरू इतक्या निवांत, संथ गतीनं उडतं.

पुरेशी वाढ झाली की अळी पानाच्या मागे रेशमाची एक गाठ घालते, मागचे पाय तिच्यात रोवते आणि डोकं खाली करून लोंबकळते. काही तासांनी पाठीवरची कातडी फाटते. आतून बाहेर येतो फिकट हिरवा कोश, गुळगुळीत, त्यावर सोनेरी ठिपक्यांची एक रांग. हे सोनं कुणी लावलं, असं विचारावंसं वाटतं. आत त्या दिवसांत जे घडतं ते ऐकून अंगावर काटा येतो. अळीचे बरेचसे स्नायू, तिचं आतडं, सगळं विरघळत जातं. अळीच्या देहात पहिल्यापासून दडून बसलेल्या पेशींच्या चिमुकल्या टिकल्या असतात. आता त्या जाग्या होतात आणि त्यांतून पंख, पाय, डोळे घडू लागतात. आठ-दहा दिवसांनी कोश पारदर्शक होतो आणि आतला नारिंगी रंग बाहेरून दिसायला लागतो. मग सकाळी कधीतरी तो तडकतो. बाहेर येणाऱ्या जिवाचे पंख ओले, चुरगळलेले, अंगाच्या मानानं अगदी तोकडे. तो रिकाम्या कोशाला धरून उलटा लटकतो, पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलत राहतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत पंख उलगडत जातात. त्या वेळी त्याला कुणी मदत करू नये. ती खटपट त्याची त्यालाच करावी लागते, नाहीतर पंख कायमचे वाकडे राहू शकतात.

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आला की विजेचा हलका झटका दिला होता. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. पुढे त्या कोशात गेल्या, विरघळल्या, पतंग होऊन बाहेर आल्या. आणि अखेरच्या टप्प्यात शिकलेल्या अळ्यांचे बरेच पतंग अजूनही तो वास टाळत होते. इतकं सगळं मोडून नव्यानं घडलं तरी आठवण टिकली होती. ज्यांनी आयुष्यात एखादा भयंकर काळ काढला आणि त्यानंतर फुलपाखरू गोंदवून घेतलं, त्यांनी हा प्रयोग वाचला नसेल. पण नवा जन्म मिळाला तरी मागचं पुसलं जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हे प्लेन टायगर माणसाच्या चित्रांत फार जुनं आहे. प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज नगरीत नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याची कबर होती, इसवीसनापूर्वी सुमारे 1350 ची. तिच्या भिंतीवरच्या चित्राचा तुकडा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेबामुन पाणथळीत पक्ष्यांची शिकार करतो आहे, पपायरसची झुडपं, बदकं, मासे, एक मांजर, आणि या सगळ्या गलबल्यात आपलं हेच रुईवरचं फुलपाखरू. पंखाचं काळं टोक आणि त्यातले पांढरे ठिपके चित्रकारानं इतक्या निष्ठेनं काढले आहेत, की आजही ओळखायला क्षण लागत नाही. मेलेल्या माणसासोबत कायम राहावं म्हणून काढलेलं चित्र ते.

फुलपाखराच्या पंखाला बोट लागलं तर बोटावर भुकटी उतरते. ती भुकटी म्हणजेच त्याचा रंग. पंखाचा पडदा मुळात काचेसारखा पारदर्शक. त्यावर कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात आणि प्रत्येक खवल्याचा एकच रंग. असे हजारो खवले मिळून ती नक्षी. गळून पडलेला खवला पुन्हा येत नाही. आयुष्यभर पंख झिजत जातात, फुलपाखरू फिकं होत जातं.

आणि माणूस हे चित्र न पुसणाऱ्या शाईनं अंगावर काढून घेतो. टॅटू काढणारा आधी स्टेन्सिलचा कागद त्वचेवर दाबून जांभळी आउटलाइन उठवतो, मग सुई वरचा थर ओलांडून एक-दोन मिलीमीटर आत शाई सोडत जाते. आपली वरची त्वचा सतत गळून नवी येते. शाई खालच्या थरात असते म्हणून टिकते. ती तिथे कशी टिकते, याचं उत्तर फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिलं. शरीर शाईला परकं समजतं. संरक्षण करणाऱ्या पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळून टाकतात. कण पचत नाहीत. काही काळानं ती पेशी मरते, कण मोकळे होतात, तेवढ्यात शेजारी नवी पेशी येते आणि ते आपल्या पोटात घेते. चित्र जागच्या जागी राहतं. त्याला धरून ठेवणारे मात्र मरत असतात, एकमेकांच्या हाती ते सोपवत असतात. मनगटावरचं ते स्थिर दिसणारं फुलपाखरू आत असं पिढ्यान्‌पिढ्या जगत असतं. डोंगरावर पणज्यांच्या झाडाकडे परतणाऱ्या मोनार्कची गोष्ट इथे चार बोटं त्वचेत चालू आहे, हे जेव्हापासून कळलं तेव्हापासून कुणाच्याही हातावरचं फुलपाखरू मला नुसतं चित्र वाटत नाही.

जपानात गोंदणाची परंपरा मोठी आहे. 1872 मध्ये सरकारनं गोंदण्यावर बंदी घातली, ती 1948 पर्यंत राहिली, तरी पाठभर चित्रं काढणारे उस्ताद संपले नाहीत. तिथे फुलपाखरू बहुधा पिओनीच्या भरगच्च फुलासोबत येतं. त्याआधी कितीतरी शतकं ते तायरा या लढवय्या घराण्याचं चिन्ह होतं. 1185 च्या सागरी युद्धात ते घराणं बुडालं, चिन्ह उरलं. तिथल्या जुन्या रिवाजाच्या लग्नांत मद्याच्या सुरयांना कागदाची दोन फुलपाखरं बांधतात, एक नर आणि एक मादी. लाफकाडियो हर्न यांनी 1904 च्या ‘क्वाइदान’ या पुस्तकात तिथली एक कथा सांगितली आहे. ताकाहामा नावाचा एक म्हातारा स्मशानालगतच्या घरात एकटा राहत होता. तो मरणासन्न असताना एक मोठं पांढरं फुलपाखरू आत आलं आणि त्याच्या उशीवर बसलं. पुतण्यानं हाकललं, ते पुन्हा आलं. शेवटी तो त्याच्या मागे धावला. फुलपाखरू एका थडग्यापाशी जाऊन दिसेनासं झालं. थडगं अकिको नावाच्या मुलीचं होतं. ताकाहामाशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि ती अठराव्या वर्षी गेली होती. पन्नास वर्षं तो तिच्या थडग्याशेजारी राहून रोज ते झाडून-पुसून ठेवत होता. त्याला चालता येईना झालं तेव्हा ती त्याला न्यायला आली.

चीनमध्ये लिआंग शानबो आणि झू यिंगताई यांची कथा अशीच घराघरांत आहे. दुसऱ्याशी लग्न करायला पाठवलेली झू वाटेत लिआंगच्या थडग्यापाशी थांबते, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते, आणि दोन फुलपाखरं बाहेर पडतात. जोडीनं गोंदवून घेतलेली फुलपाखरं दिसली की ही दोघं आठवतात.

इटलीत पाँपेई इथे एका घराच्या उन्हाळी भोजनगृहात मेजावर एक मोझेइक होतं. आता ते नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मधोमध माणसाची कवटी. तिच्या वर गवंड्याचा ओळंबा, खाली एक फुलपाखरू, त्याखाली चाक. एका बाजूला राजाचं जांभळं वस्त्र आणि राजदंड, दुसऱ्या बाजूला भिकाऱ्याची काठी आणि झोळी. मृत्यूच्या ओळंब्याला दोन्ही बाजू सारख्याच. कवटी आणि फिरतं नशीब यांच्यामध्ये आत्मा म्हणून फुलपाखरू बसवलेलं. जेवायला बसणारे हे चित्र समोर ठेवून जेवत होते.

आपल्याकडच्या गोंदणात मी पाहिलेली चिन्हं वेगळी: कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, भावाचं किंवा नवऱ्याचं नाव. काजळीची हिरवट पडलेली रेघ. त्यामागची श्रद्धा मात्र थेट पाँपेईच्या मेजाशी जाऊन भिडते. सोनंनाणं मेल्यावर काढून घेतात, लुगडं उतरवतात. गोंदण तेवढं सोबत येतं, असं म्हाताऱ्या बाया सांगत. देवाच्या दारी दाखवायला बाईकडे तेवढीच काय ती स्वतःची खूण. जत्रेत गोंदणारणीपुढे हात धरून दातओठ खात बसलेल्या त्या मुलीला आणि आज पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत फुलपाखरू काढून घेणाऱ्या तिच्या पणतीला मी वेगळं मानत नाही.

निळं म्हणजे भाग्य, काळं म्हणजे शोक, पिवळं म्हणजे आशा अशा याद्या कुठेही मिळतात. त्यांत मला राम वाटत नाही. अर्थ ज्याच्या त्याच्या कातडीखाली असतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असते; तिच्या कर्करोगातून उठलेले कुणी तो आकार गोंदवून घेतात. ल्युपस या आजारात गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो. त्या रुग्णांनी तेच चिन्ह आपलं म्हणून स्वीकारलं. आणि ब्रिटनमध्ये 2016 पासून एक पद्धत पसरली आहे. जुळ्यांपैकी एक बाळ गेलं असेल, तर उरलेल्या बाळाच्या पाळण्यावर जांभळ्या फुलपाखराचं छोटं कार्ड लावतात. येणाऱ्यानं नकळत काही बोलून जाऊ नये, दोघं होती हे कुणी विसरू नये, म्हणून. अशा एका आईच्या दु:खातून ती सुरू झाली. हे कळल्यावर जांभळं फुलपाखरू गोंदवलेल्या बाईला ‘छान आहे हो डिझाइन’ असं सहज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेक्सिकोत मोनार्कनं व्यापलेल्या जंगलाचं क्षेत्र दर हिवाळ्यात मोजतात. 1996-97 मध्ये ते सुमारे 18 हेक्टर भरलं होतं. 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर. त्यानंतर थोडं वाढलं, पुन्हा घसरलं. मोनार्कच्या अळ्या रुईच्याच जातकुळीतल्या मिल्कवीडवर जगतात. अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांनी ते झाड नाहीसं केलं, इकडे ओयामेल तोडले गेले. माणसाच्या कातडीवर मोनार्क वाढत आहेत आणि रानातले कमी होत आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्रानं 2015 मध्ये नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. तसं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते. तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका हलताना दिसला, तर तीही त्याच्याच एखाद्या भावंडाची अळी असण्याचा संभव मोठा. फुलपाखरू गोंदवून घ्यायचं मनात असेल तर जरूर घ्या, ज्याच्यासाठी घ्यायचं त्याचं नाव मनात धरून घ्या. फक्त त्याआधी एक झाड लावा, आणि त्यावर अळी आली की फवारा मारू नका. कुंपणाकडेची रुई उपटू नका. पानं कुरतडली जातील. खाऊ द्या तिला.